वर्दी येण्यापूर्वी : मुंबई अग्निशमन दलाची वाटचाल

आगीची वर्दी येते, केंद्रातील घंटा घणघणते आणि बंब रस्त्यावर येतो. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने अग्निशमन दलाचे काम येथून सुरू होते. परंतु या खात्याचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास ज्याने सलगपणे पाहिला असेल त्याला हे मान्य करावे लागेल की, आगीचा निकाल पुष्कळ अंशी त्या घंटेपूर्वीच लागलेला असतो. कारण गल्ली किती रुंद ठेवली, पाण्याची वाहिनी कोठवर नेली, वखारीत कोणता माल कोणत्या मालाच्या शेजारी रचला आणि तो तेथे आहे हे सांगण्याची जबाबदारी कोणावर टाकली, या प्रश्नांची उत्तरे नगररचनाकारांनी, जलअभियंत्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी कितीतरी वर्षे आधी दिलेली असतात, आणि त्या उत्तरांची किंमत मात्र शिडीवर चढणाऱ्या जवानाला मोजावी लागते. मुंबई अग्निशमन दलाच्या पराक्रमाची वर्णने या स्मरणिकेत अन्यत्र येतीलच. प्रस्तुत लेखात त्या पराक्रमामागील नागरी सिद्धतेचा, आणि जेथे ती सिद्धता नव्हती तेथे तिच्या अभावाचा, इतिहास मांडण्याचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ १७ फेब्रुवारी १८०३ या दिवसापासून करावा लागतो. त्या काळची मुंबई म्हणजे प्राधान्येकरून तटबंदीच्या आतील कोट. त्याच्या उत्तर भागात देशी व्यापाऱ्यांची घरे, पेढ्या आणि बाजार इतक्या दाटीने वसले होते की, एका घराच्या वाशाला लागलेली आग दुसऱ्या घराच्या छपरावर जाण्यास वाऱ्याच्या एका झुळकीचाच काय तो अवकाश होता. त्या दिवशी लागलेल्या आगीने बाजाराचा बहुतेक भाग, लष्करी बराकी आणि कस्टम हाऊस यांची राख केली. ज्वाळा किल्ल्यातील दारूच्या कोठारापर्यंत पोहोचतील या धास्तीने अखेर तोफा लावून आसपासची घरे पाडण्यात आली, आणि पडलेल्या घरांच्या त्या रिकाम्या पट्ट्यानेच आगीची वाट अडविली. शहराच्या रक्षणासाठी शहराचाच एक भाग तोफेने पाडावा लागला, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण जी मोकळी जागा शांततेच्या काळात हुकमाने आणि आखणीने ठेवता आली असती, ती येथे काही तासांत दारूगोळ्याने निर्माण करावी लागली. या अग्निप्रलयानंतर कोटाबाहेरचे मैदान अधिक दूरवर मोकळे करण्यात आले आणि अनेक व्यापारी कुटुंबांनी तटाबाहेर वस्ती केली. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर या भागांना जी गजबज पुढे प्राप्त झाली तिच्या मुळाशी ही आगही आहे. दुर्दैव असे की, कोटातील दाटीतून सुटका करून घेण्यासाठी जे बाहेर पडले त्यांनी, किंवा त्यांच्या वंशजांनी, तीच दाटी नव्या जागी पुन्हा उभी केली. आणि दलाच्या आजच्या कितीतरी कठीण वर्द्या त्याच गल्ल्यांतून येतात.

त्यानंतरच्या काळात आग विझविण्याचे काम पोलीस खात्याकडे होते, आणि तेही जोडकाम म्हणून. चोर पकडणारा शिपाईच आगीच्या जागी धावत असे, आणि घोड्यांनी ओढलेल्या बंबांवर सारी भिस्त असे. त्याहून मोठी अडचण पाण्याची होती. विहिरी आणि तलाव हेच शहराच्या पाण्याचे आधार होते. धोबी तलाव, गोवालिया तलाव, सी. पी. टँक ही नावे आज केवळ रस्त्यांच्या नाक्यांना उरली असली तरी एके काळी मुंबईकरांचे पिण्याचे पाणी आणि आगीवरचे पाणी अशाच तलावांतून येत असे, व फाल्गुन-चैत्रात, म्हणजे आगीचा धोका ज्या दिवसांत सर्वाधिक, नेमक्या त्याच दिवसांत ते तळ गाठीत असत. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानशाचे आले. या घटना सामान्यतः आरोग्याच्या इतिहासात नोंदविल्या जातात, आणि ते योग्यच आहे. पण दाबाखाली वाहणारे पाणी गल्लीच्या तोंडाशी मिळू लागल्यामुळे अग्निशमनाचे शास्त्रच शक्य झाले, हे त्यांचे दुसरे श्रेय आहे आणि ते त्यांना क्वचितच दिले जाते.

१ एप्रिल १८८७ रोजी दल नगरपालिकेच्या ताब्यात आले, आणि आजच्या संस्थेची जन्मतारीख म्हणून हाच दिवस मानला जातो. पुढच्याच वर्षी, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने, आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. या एका तरतुदीचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे आहे. पूर्वी जे काम सरकारच्या मर्जीवर आणि पोलीस खात्याच्या सवडीवर अवलंबून होते, ते आता करदात्या नागरिकाला आपल्या पालिकेकडे हक्काने मागता येऊ लागले. त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरणे भाग पडले. आणि ज्या संस्थेकडे रस्ते, पाणी व इमारतींची मंजुरी होती तिच्याकडेच आग विझविण्याचे कामही सोपविले गेल्यामुळे या चारही गोष्टींचा एकत्रित विचार करण्याची सोय कायद्याने करून ठेवली. ही सोय प्रत्येक पिढीने पुरतेपणी वापरली असे म्हणता येत नाही, तरी तिच्या अभावी पुढील काहीच घडले नसते. १८९० साली लंडनच्या अग्निशमन दलातील डब्ल्यू. निकोल्स यांची प्रमुख म्हणून नेमणूक झाली, आणि आग विझविणे हा ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे अशा माणसांचे शिस्तबद्ध दल उभे राहू लागले.

त्या मुंबईचा खरा शत्रू कापूस होता. शहराचे वैभव ज्या गाठींवर उभे होते त्याच गाठी आग लागल्यावर दलाची सर्वाधिक परीक्षा पाहत. दाबून बांधलेल्या गाठीवर पाण्याचा झोत मारला की बाहेरून ती काळवंडून विझल्यासारखी दिसते, परंतु आतला धुमारा तसाच राहतो, आणि दोन दिवसांनी वखारीचा दरवाजा उघडून वारा आत शिरला की तिला पुन्हा ज्वाळा फुटते. यास्तव कापसाच्या आगीत गाठी एकेक करून बाहेर काढाव्या, फोडाव्या आणि भिजवाव्या लागतात, व जवानांना दिवसेंदिवस धुरात उभे राहावे लागते. कापसाचा बाजार कोटातून कुलाब्याला आणि विसाव्या शतकात तेथून शिवडीला, ज्या भागाला आज कॉटन ग्रीन म्हणतात तेथे, नेण्यात आला. या स्थलांतराची कारणे मुख्यतः व्यापाराची आणि रहदारीची असली, तरी ज्वालाग्राही माल वस्तीच्या पोटातून काढून एका आखलेल्या जागी ठेवण्याचा लाभ त्यातून आपसूक झाला.

दलाची साधनेही याच काळात पालटली. १९०७ साली पहिला मोटारबंब आला आणि घोड्यांची सद्दी हळूहळू संपली. १९१३ मध्ये रस्तोरस्ती आगीच्या इशारापेट्या बसविण्यात आल्या. काच फोडून कळ दाबली की मुख्य केंद्राला कोणत्या ठिकाणाहून वर्दी आली ते तत्क्षणी कळे. ज्या शहरात दूरध्वनी ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती, त्या शहरात गिरणीतील कामगाराला आणि रस्त्यावरील हमालाला दलाशी थेट संधान साधता यावे, ही त्या पेट्यांमागची कल्पना निःसंशय थोर होती. परंतु पेटी केवळ स्थान सांगे. तेथे काय जळत आहे हे तिला सांगता येत नसे. ही उणीव एकतीस वर्षांनी किती भयंकर ठरली ते आता पाहावयाचे आहे.

१२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. इंग्लंडातील बर्कनहेडहून निघालेल्या या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. शिवाय लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीस त्यात कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, इमारती लाकूड व इतर जिन्नस चढविण्यात आले, आणि जागेच्या टंचाईपायी कापूस व स्फोटके एकाच भांडारात खालीवर आली. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाला गोदीत प्रवेश नसे, त्यातील माल भर समुद्रात पडावांवर उतरविण्याचा रिवाज होता. परंतु महायुद्धाच्या घाईत हा निर्बंध शिथिल झाला होता. धोक्याचे लाल निशाणही जहाजावर फडकत नव्हते.

१४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या भांडारातून धूर येऊ लागला. जहाजावर स्फोटके असल्याचा विशिष्ट इशारा दूरध्वनीने देण्यासाठी माणूस पाठविण्यात आला, पण दूरध्वनी लागेना, तेव्हा त्याने जवळच्या इशारापेटीची काच फोडली. पेटीने आपले काम चोख बजावले, जागा कळविली, आणि एखाद्या साध्या आगीला पाठवावे त्याप्रमाणे केवळ दोन बंब प्रथम रवाना झाले. जहाजात काय आहे हे जवानांना तेथे पोहोचल्यावर समजले. मग अधिक बंब आले, दलप्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले, बत्तीसहून कमी नसतील इतके झोत भांडारात सोडण्यात आले, आणि सुमारे ९०० टन पाणी जहाजात ओतले गेले. कापसाच्या आगीचा स्वभाव वर सांगितलाच आहे. येथे त्यात आणखी एका अनर्थाची भर पडली : भांडारात पाणी चढू लागले तशा पेटलेल्या गाठी तरंगत वर आल्या आणि आग स्फोटकांच्या अधिकाधिक निकट नेऊ लागल्या. जहाज खोल पाण्यात न्यावे, बुडवावे की तेथेच विझवीत राहावे, याविषयी लष्कराचे, बंदराचे आणि जहाजाचे अधिकारी यांच्यात एकवाक्यता होईना. कारण अशा प्रसंगी अंतिम हुकूम कोणी द्यावयाचा हे आधी ठरलेलेच नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यांचे हादरे दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. जळत्या गाठी आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर या दाट वस्त्यांवर कोसळले, गोदीतील अनेक जहाजे नष्ट झाली, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली व हजारो कुटुंबे बेघर झाली. आगी आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले आणि गोदी पुन्हा वापरात येण्यास सुमारे सात महिने.

त्या जहाजावर आणि धक्क्यावर दलाचे ६६ जवान व अधिकारी गेले. आपण कशाशेजारी उभे आहोत हे शेवटच्या तासात त्यांना पुरते ठाऊक होते, आणि तरीही कोणी नळी खाली ठेवली नाही. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून आणि त्यापुढील सप्ताह अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. या मानवंदनेबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात अपार आदर आहे, आणि त्या आदरापोटीच एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य वाटते : त्या ६६ जणांचा बळी त्यांच्या धैर्यात काही उणे असल्यामुळे गेला नाही, तसा पाण्याच्या कमतरतेमुळेही गेला नाही. मालाची माहिती वेळेवर मिळाली नाही आणि निर्णयाचा अखत्यार कोणाकडे हे ठरलेले नव्हते, या दोन कारणांनी तो गेला. धोक्याच्या मालाची वर्गवारी, तो वेगळा ठेवण्याचे नियम, तो कोठे आहे हे दलाला कळविण्याचे बंधन आणि घटनास्थळी एकाच अधिकाऱ्याचा हुकूम चालावा ही व्यवस्था, हे जे आज नगरसुरक्षेचे मूलाधार मानले जातात, त्यांतील प्रत्येकाची उणीव त्या एका दुपारी उघडी पडली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली एम. जी. प्रधान हे दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले व दुसऱ्याच वर्षी ते नागपुरास आले, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची पक्की सोय महाराष्ट्राच्याच भूमीवर झाली. याच सुमारास मुंबई उंच वाढू लागली, आणि दलापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला : शिडीची लांबी जेथे संपते त्याहून वर राहणाऱ्या माणसाचे रक्षण कसे करावयाचे? त्याचे उत्तर बंबात सापडणारे नव्हते, ते इमारतीच्या नकाशातच शोधावे लागले. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने १५ मीटरहून उंच इमारतींसाठी रुंद जिने, उभ्या जलवाहिन्या, गच्चीवरील व जमिनीखालील पाण्याच्या टाक्या, यांविषयी दंडक घातले. पुढे आश्रयमजल्याची कल्पना रूढ झाली, आणि दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र हा बांधकाम मंजुरीचा आवश्यक भाग बनला. अग्निशमन अधिकारी आता इमारत उभी राहण्यापूर्वीच तिच्यात शिरू लागला. दलाच्या इतिहासात मोटारबंबाच्या आगमनापेक्षाही हे स्थित्यंतर मोठे आहे असे या लेखकाचे मत आहे.

आणि मग पाऊस. दलाच्या नावात अग्नी असला तरी आषाढ-श्रावणात त्याचे वैर पाण्याशी आणि मातीशी असते. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारती कोसळतात, टेकड्यांच्या उतारावरील झोपड्यांवर दरडी येतात, झाडे उन्मळतात, नाल्यात माणसे वाहून जातात, आणि या प्रत्येक प्रसंगी १०१ या क्रमांकावरच वर्दी येते. (संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेला पक्षी सोडविण्यासाठीही लोक याच दलाला बोलावितात आणि जवान शिडी घेऊन जातात, असा विश्वास संपादन करणारी सरकारी-निमसरकारी खाती फार थोडी.) २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्यास तो ७५ मिलिमीटरही झाला नव्हता, म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांना दोन भिन्न दिवस चालू होते, आणि दक्षिणेकडील कार्यालयांत बसलेल्या कित्येकांना उपनगरांतील प्रलयाची कल्पना संध्याकाळपर्यंत आली नाही. जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, दुपारी समुद्राला उधाण, मिठी नदीचे पात्र भरावाने आणि अतिक्रमणाने आवळलेले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराची कारणमीमांसा केली. ताशी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची क्षमता निर्माण करण्याच्या, पूर्वीच आखलेल्या परंतु रेंगाळलेल्या, योजनेला गती मिळाली. हाजी अली, इर्ला यांसारखी उदंचन केंद्रे उभी राहिली. आणि शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले. यांपैकी अनेक पर्जन्यमापक अग्निशमन केंद्रांच्याच आवारात आहेत, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. ज्या खात्याला १९४४ मध्ये माहिती कोणी दिली नाही, ते खाते आता शहराला माहिती पुरविणारे झाले आहे.

पुराच्याच वर्षी, २००५ साली, संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा स्वतंत्र अधिनियम करून तो २००८ पासून अंमलात आणला. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन दर सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत, दलाला सादर करावयाचे, अशी यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जणांचा जीव गेला तेव्हा हे दिसून आले की, गच्चीवर ज्वालाग्राही छत उभारणाऱ्याला कायद्याचे भय आणि शेजारधर्माची चाड दोन्ही नसतील, तर कागदावरील दंडकाला अर्थ उरत नाही. आणि तपासणीत ढिलाई झाली तर तिचे उत्तरदायित्वही तितक्याच काटेकोरपणे ठरले पाहिजे.

नोव्हेंबर २००८ मध्ये ताजमहाल हॉटेलात अतिरेक्यांचा गोळीबार चालू असता जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून पाहुण्यांना खाली आणले, ही कामगिरी सर्वश्रुत आहे. तिच्या मानाने ९ मे २०१५ चा काळबादेवीचा प्रसंग लोकांच्या स्मरणात कमी आहे, आणि या लेखाच्या विषयाशी त्याचा संबंध मात्र अधिक निकटचा आहे. गोकुळ निवास ही लाकडी सांगाड्याची जुनी इमारत पेटली. रहिवासी बाहेर काढले गेले. आणि आग विझविणे चालू असतानाच इमारत ढासळली. दलाचे चार ज्येष्ठ अधिकारी, त्यांत खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी, या घटनेत प्राणास मुकले. अनुभवाने आणि अधिकाराने जे सर्वांत वरच्या पायरीवर होते तेच सर्वांत पुढे होते, ही या दलाची परंपराच आहे. पण अशा इमारतीत खांब किती जुने, वरच्या मजल्यांवर किती भार चढविलेला, पोटमाळ्यावर कोणता माल ठेवलेला, तुळ्या किती वेळ तग धरतील, याची नोंद आत शिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असायला हवी.

नव्या उंच इमारतीची अशी माहिती मंजुरीच्या कागदपत्रांतून मिळते. जुन्या लाकडी इमारतींची मिळत नाही, कारण त्या उभ्या राहिल्या तेव्हा हे कायदेच नव्हते, आणि सहामाही प्रमाणपत्राची यंत्रणाही त्यांच्यात बसविलेली नाही. म्हणून दलाच्या पुढील काळातील कामांत या इमारतींची घरोघर पाहणी, प्रत्येकीचा एक पानाचा नकाशा व भारनोंद, आणि ती नोंद संबंधित केंद्राच्या बंबावर सदैव उपलब्ध ठेवण्याची व्यवस्था हे काम अग्रक्रमाने धरावे, अशी सूचना येथे नोंदवून ठेवतो. त्यासाठी इमारत प्रस्ताव विभाग, म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आणि अग्निशमन दल यांनी आपापली दफ्तरे एकमेकांस खुली करणे एवढेच प्रथम पुरे आहे; आणि आरंभ कोठून करावा याविषयी शंका असण्याचे कारण नाही. १८०३ ची आग ज्यांना कोटाबाहेर घेऊन आली आणि १९४४ च्या स्फोटाने ज्यांच्यावर निखारे ओतले, ते मांडवी, मशीद बंदर, काळबादेवी आणि भुलेश्वर हे 'बी' आणि 'सी' प्रभागांतील भाग प्रथम घ्यावेत, आणि ते येत्या पावसाळ्यापूर्वी घ्यावेत.